मीच दिला म्हणे

"मालन, बाहेर ये आन सगळ्यांच्या म्होरं सांग," यशवंततात्या म्हणाले. "पोरगं तू तुझ्या हातानं हौसाच्या ओटीत घातलंस का न्हाई?"

मी सोप्याच्या उंबऱ्याशी उभी होते. घोंगड्यावर भावकीतले बापय बसले होते, मधोमध तात्या. एका कडेला माझा भाऊ हणमंतदादा. त्याच्यापुढे ठेवलेला चहा तसाच गार होत होता. माझी थोरली जाऊ हौसाक्का दाराच्या आडोशाला उभी, आणि तिच्या काखेत माझा रणजित. दीड वर्षाचा.

दादानं आल्या आल्या सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, "माझी भन म्हणू दे, मी दिलं न्हाई म्हणून. दुपारच्या गाडीनं दोघांस्नी घिऊन जातो. मंग बघू कोण आडवं येतंय." म्हणजे मी 'न्हाई' म्हणाले की लेकरू माझं. आणि 'व्हय' म्हणाले की आक्काचं, कायमचं. आमच्याकडे त्याला कागद लागत नाही. आईनं चारचौघांत नारळाबरोबर आपलं मूल दुसरीच्या ओटीत घातलं की संपलं, ते पुन्हा मागायचं नाही. मागणारीच्या तोंडात गाव शेण घालतं.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. माझ्या डोक्यातून तेव्हाचं बरंच गळून गेलंय. धाकट्या बहिणीचं आख्खं लग्न गेलं. फोटोत मी हसत उभी आहे, म्हणजे गेले असणार. पण तो सोपा जशाच्या तसा आहे. डोकं मोठं लबाड असतं. ठेवायचं ते टाकून देतं आणि टाकायचं ते उराशी धरून बसतं.

मला आकडी येते. रणूच्या बाळंतपणानंतर सुरू झाली. आधी पोटातून काहीतरी वर चढत यायचं. मग वाटायचं, आत्ता चाललंय ते सगळं पूर्वी एकदा होऊन गेलंय. हीच चूल होती, असाच धूर होता, आक्का हेच बोलली होती. एवढं मनात येईस्तोवर मी जमिनीवर. शुद्धीवर यायचे तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल धरलेली असायची आणि तोंडावर कांदा पिळलेला. मधलं सगळं कोरं. कधी घटकाभराचं, कधी दोन दिवसांचं. त्या कोऱ्या जागेत काय झालं ते मला दुसऱ्यांनी सांगायचं आणि मी मान डोलवायची. "तू आत्याबाईस्नी शिवी दिलीस." दिली असेल. "तू दूध उतू घालवलंस." घालवलं असेल. हळूहळू घरात जे जे बिघडायचं ते माझ्या कोऱ्या जागेत जाऊन पडायला लागलं. सोय होती ती सगळ्यांची.

आमच्या भागातले पुरुष गलाईला जातात. सोनंचांदी वितळवून शुद्ध करायचं काम, देशभर कुठेही. थोरल्या दिरांचं सेलमला दुकान होतं आणि आमचे हे त्यांच्याच भट्टीवर राबायचे. गावच्या घरात आम्ही बायकाच. सासू, म्हणजे आत्याबाई, हौसाक्का आणि मी. आक्काच्या लग्नाला तप उलटून गेलं तरी तिची कूस उजवली नव्हती. रणूच्या बारशाला आत्याबाईंनी तिला पाळण्याला हात लावू दिला नाही, चुलीपाशी बसवून ठेवलं. ती दिवसभर पोळ्या लाटत राहिली आणि बायका बाहेर पाळणे म्हणत राहिल्या. तेव्हा मला तिची कणव आली होती. आज मागं वळून बघताना वाटतं, कणवेबरोबर थोडं भ्यायलाही हवं होतं.

त्या श्रावणात नागपंचमीला दादा मला माहेरी न्यायला येणार होता. आदल्या दिवशीच मला आकड्यांनी गाठलं, एकीमागून एक. दादाला परत पाठवलं म्हणे. मला त्यातलं काही ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा माझ्या शेजारची वाकळ रिकामी होती.

"रणू कुठाय?" मी विचारलं.

"माझ्यापाशी," आक्का म्हणाली. तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला. इतक्या मायेनं तिनं मला त्याआधी कधी हात लावला नव्हता. "तूच न्हाई का दिलास?"

"म्या? कवा?"

"पंचमीला. आता ह्येबी इसरलीस? हिरवं लुगडं नेसलीस. देवापुढं बसलीस. पोराच्या कपाळाला कुंकू लावलंस आन नारळासंगं माझ्या ओटीत घातलंस. म्हणलीस, आक्का, माझ्या हातनं पोर चुलीत पडंल, तू सांभाळ. लई रडलीस बाई. मंग मी तुला तव्यावरची गरम पोळी वाढली. दोन खाल्ल्यास तुपासंगं."

"म्या न्हाई दिला," मी म्हणाले. किंचाळलेच असेन, कारण आत्याबाई धावत आल्या.

"गप. आलीया ती वाचा पुन्यांदा जाईल," त्या म्हणाल्या. "दिलास तू. म्या बघितलं ह्या डोळ्यांनी."

मग रोज तेच. सकाळी तोंड धुवायला पाणी देताना आक्का सांगायची, दुपारी डोकं विंचरताना आत्याबाई सांगायच्या. सेलमहून फोन आला तेव्हा आमचे हे म्हणाले, "आक्का म्हणती तसं झालं असंल. तुझ्या ध्यानात ऱ्हातंय का काय?" त्यांचंही बरोबर होतं. भावाच्या भट्टीवर राबणाऱ्या माणसाचं नेहमीच बरोबर असतं.

आधी मी रोज भांडले. मग एकाआड एक दिवस भांडले. एकदा दुपारी आक्का माझ्या केसांत तेल जिरवत तेच सगळं सांगत होती आणि माझ्या पोटातून ते नेहमीचं वर चढत आलं. हे आधी झालंय, असं वाटायला लागलं. नाकात तुपाचा वास भरला. हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. माझ्या हातांवरचं रणूचं वजन जाणवलं, आणि ते वजन उतरल्यावरचा हलकेपणाही. आणि एक गोष्ट तर अशी दिसली की जी मला कुणीच सांगितली नव्हती. आक्काच्या ओटीत पडल्या पडल्या रणूनं तिचं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि सोडेना.

तिथं मी हरले. लोक खोटं सांगतील, पण हे माझं मला आठवलं होतं. मी आक्काच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. म्हणाले, "आठवलं गं." तिचे तेलकट हात माझ्या केसांत तसेच थांबले.

राखीपौर्णिमेला दादा पुन्हा आला, तोच हा सोप्यातला दिवस. पोर आक्काच्या काखेत बघितल्याबरोबर त्यानं भावकी गोळा केली.

"सांग मालन," तात्या पुन्हा म्हणाले. "भ्याचं कारण न्हाई. भाऊ हाय तुझा हितं."

दादानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी कुणाशी मारामारी करून आला की तो असाच बघायचा, तू माझ्या बाजूनं बोल म्हणून.

"व्हय," मी म्हणाले. "म्या दिला."

"मालन!" दादा उठलाच. "कुणी शिकवलं तुला ह्ये?"

"कुणी न्हाई शिकवलं, दादा. माझं मला ध्यानात हाय. म्या कुंकू लावलं. नारळ ठिवला. रणूनं आक्काचं मंगळसूत्र धरलं, सोडतच न्हवता. मंग आक्कानं तव्यावरची पोळी वाढली..."

"पुरं झालं आता," आत्याबाई आतून एकदम ओरडल्या. "काय काय बोलाय लावताय तिला? आजारी हाय ती."

मी आक्काकडे बघितलं. ती माझ्याकडे डोळे फाडून बघत होती आणि तिचा एक हात गळ्यातल्या मंगळसूत्रावर गेला होता. मला वाटलं, तिलाही तो क्षण आठवला.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "झालं मंग. आईच म्हणती, आता आमी काय बोलायचं?"

दादा उंबऱ्यापर्यंत आला. त्यानं राखीसाठी हातही पुढं केला नाही. "मंग म्या कुणासाठी भांडत हुतो गं?" एवढंच म्हणाला आणि गेला. आक्काच्या काखेतून रणू माझ्याकडे झेपावत होता. मी हात मागं घेतले. दिलेल्या पोराला लगेच हात लावू नये, असं आत्याबाईंनी सांगून ठेवलं होतं.

पुढं मी काकू झाले. रणू धावायला लागला, बोलायला लागला, आणि मला काकू म्हणायला लागला. मी त्याच्या चड्ड्या धुतल्या, त्याला डबा करून दिला, पण रात्री तो आक्काच्या कुशीत. आकड्या वाढत गेल्या तशी मी मुकाट झाले. दिवस कुठला, वार कुठला, काही कळेना. अधूनमधून ते चित्र डोळ्यांपुढं यायचं, कुंकू, नारळ, चिमुकली मूठ, आणि मी स्वतःचं समाधान करून घ्यायचे की आपण आपल्या हातानं चांगलं केलं. पोर जगलं ना. त्या खोट्या चित्राचा मला आधार होता, हे सांगताना आज माझा मलाच संताप येतो.

रणू पहिलीत गेला त्या साली मी पायरीवरून पडले आणि कपाळ फुटलं. आमचे हे तेव्हा जत्रेसाठी गावी आले होते. रक्त बघून त्यांना माझी आठवण झाली आणि त्यांनी मला मिरजेला नेलं. तिथं एक डॉक्टरीण भेटली, कानिटकर नावाची. बाई फटकळ होती. "इतकी वर्षं कांद्यावर काढली?" असं तिनं ह्यांना विचारलं आणि ह्यांना बाहेर बसवलं. माझ्या डोक्याला तारा लावल्या, फोटो काढले, नाना तऱ्हेचे प्रश्न विचारले.

"तुमची आकडी इथून उठते," तिनं माझ्या कानशिलावर बोट टेकवलं. "डोक्यातली आठवण बांधायची जागाही तिथंच आहे. आठवण म्हणजे एका कोपऱ्यात ठेवलेली वस्तू नसते. वास एकीकडे, चेहरा दुसरीकडे, दिवस तिसरीकडे, आणि त्या सगळ्यांना जोडणारं जाळं असतं. दर आकडीला त्या जाळ्याचे काही धागे तुटतात, आणि काही भलतीकडेच जोडले जातात. आकडी नसतानाही ते जाळं धड चालत नाही. औषधानं आकड्या कमी होतील. तुटलेलं सगळं सांधेल, असं मी सांगणार नाही."

"आकडीच्या आधी वाटतं ते? की ह्ये आधी झालंय?"

"तो आकडीचाच भाग. मेंदू नव्या गोष्टीवर जुनेपणाचा शिक्का मारतो. तेव्हा कुणी काही सांगत असलं, तर तेही जुनं, घडलेलं वाटू शकतं."

"मंग मला आठवतंय ते खरं का खोटं?"

"आठवतंय म्हणून घडलंच असं नाही, आणि घडलंच नाही असंही मी म्हणणार नाही. तेव्हा जे हजर होते त्यांना विचारा."

मी हसले. बाईला वाटलं असेल, पेशंटचं डोकं खरंच गेलंय.

गोळ्या सुरू झाल्या आणि दिवसांना कडा यायला लागल्या. आजचा सोमवार, कालचा रविवार, हे मला सांगावं लागेना. अशात पंचमी आली. शेजारच्या घरात नवी सून आली होती, शहरात वाढलेली. ती आमच्याकडे हाताखाली मदतीला आली आणि तिनं आमच्या चुलीवर काहीतरी भाजायला म्हणून भाबडेपणानं तवा ठेवला. आत्याबाईंनी तो उलथण्यानं खाली पाडला.

"अगं ए शाने! पंचमीला तवा? नागाच्या फण्यावर ठिवतीस व्हय? आज चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, तवा ठिवायचा न्हाई. एवढंबी तुझ्या आईनं शिकवलं न्हाई?"

मी पुरणाची दिंडं वाफवायला चाळणीत मांडत होते. हात तिथंच राहिले.

पंचमीला आमच्या गावात कुणाच्याच घरी तवा चढत नाही. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. आणि पंचमीला मी तव्यावरची पोळी खाल्ली, हेही मला आठवत होतं. एक गोष्ट एका खोलीत, दुसरी दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार इतकी वर्षं बंद. सोप्यातल्या बापयांना चुलीचं काय कळणार? पण आत्याबाईंना कळलं होतं. म्हणून त्या पोळीचं नाव निघताच ओरडल्या होत्या. आणि आक्काचा हात गळ्याशी का गेला, तेही आता कळलं. जे घडलंच नव्हतं ते मी बघितल्यासारखं सांगत होते. ती भ्यायली होती.

बायका वारुळाला गेल्यावर मी आक्काला परड्यात गाठलं.

"आक्का, पंचमीला पोळी कुणी केली हुती?"

ती गोठ्यातलं शेण भरत होती. तिला लगेच समजलं. मला वाटलं, आता नाकारेल, रडेल, माझ्यावर धावून येईल. तिनं नुसती पाटी खाली ठेवली.

"चुकलंच माझं त्ये," ती म्हणाली. "आत्याबाईनी मला लई शिव्या घातल्या. म्हणल्या, येडे, पंचमीला तवा ठिवलास? सणाचं सांगायचं म्हणून तोंडात आलं. पर तू त्येबी धरून बसलीस. वर मंगळसूत्राचंबी तुझं तूच घातलंस. मला झोप लागली न्हाई दोन दिस."

"म्हंजी म्या दिला न्हाई."

"न्हाई."

इतक्या सहज म्हणाली, मीठ संपलंय म्हणावं तसं.

"चल तात्याकडं," मी तिचा दंड धरला. "चल, आन ह्येच सांग तिथं."

"तूच जा की. सांग. कोण ऐकतंय? भर सोप्यात तुझ्या तोंडानं व्हय म्हणलीस तू. आन आता फेफरंवाली म्हणती, मला तवा आठवला." तिनं माझा हात सोडवला, पण झटकला नाही. "मालन, तुझ्यापाशी पोर मेलं असतं. आन मला पोर पायजे हुतं. ह्ये दोन्ही खरं हाय. एकच असतं तर मला जमलं नसतं."

"मी रणूला सांगीन."

"सांग," ती म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी वाटेवर जाऊन उभी राहिले. गोळी घेतली होती, वार पाठ केला होता, काय बोलायचं ते मनात घोळवलं होतं. तात्यांचं राहू दे, दादाचं राहू दे, गावाचं राहू दे. ह्या एकाला खरं कळलं की मला बाकी काही नको होतं. त्यानं आक्काकडेच राहावं, तिलाच आई म्हणावं, पण मी त्याला टाकलं नाही एवढं त्याला ठाऊक असावं. त्या एका गोष्टीसाठी माझा जीव तुटत होता.

रणू पोरांच्या घोळक्यातून आला. मला बघून थांबला आणि पोरांना पुढं जायला सांगितलं. मी त्याला बांधावर बसवलं, त्याचं तोंड पदरानं पुसलं.

"रणू, मी तुझी काकू न्हाई. मी तुझी आई हाय. माझ्या पोटचा तू. मी तुला कुणाला दिला न्हाई. सगळी खोटं सांगत्यात. कळलं?"

"व्हय," तो म्हणाला.

ना दचकला, ना कुणी, कसं, काय असं विचारलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या वर्षांनी माझ्या लेकरानं माझ्यावर एका शब्दात विश्वास ठेवला होता. मी त्याला छातीशी धरलं. तोही मुकाट्यानं धरू देत होता.

"तुला खरं वाटतंय न्हवं?" मी विचारलं.

"काकू," तो समजुतीनं म्हणाला, "ह्ये तू मला मागंबी सांगितलंयस. हितंच बसून. त्याच्याआधी हिरीवर सांगितलंस. मला पाठ हाय सगळं."

"म्या? कवा?"

"गोळ्या घ्यायच्या आदी. आन परवाबी. तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई." त्यानं दप्तर खांद्याला लावलं आणि उठला. "आईनं सांगितलंय, काकू असं बोलाय लागली की न्हाई म्हणायचं न्हाई, तिला तरास हुतो. व्हय म्हणायचं आन घरी घिऊन यायचं."

मग त्यानं माझा हात धरला, आणि वाटेत कुठं दगड आहे ते सांगत मला घराकडे घेऊन निघाला.